उपवासाची शुगर

त्या वर्षी माझ्या ब्लाउजांनी एकेक करून राजीनामे दिले. आधी लग्नाकार्याचे गेले. त्यांचं मी समजू शकते, ते वर्षातून दोनदा कपाटाबाहेर येतात, त्यांना माझी सवय नसते. पण मग रोजचे जायला लागले. शिवणी उसवून उसवून आतलं कापड संपलं. आमचे हे म्हणाले, "नवीन वॉशिंग मशिनमध्ये कपडे आटतात." हे भोपाळला गोविंदपुऱ्याच्या एका कारखान्यात फिटर आहेत, त्यामुळे यंत्राबद्दल काही बोलले की मी ऐकून घेते. दोन-तीन महिने मी त्या मशिनला मनातल्या मनात शिव्या दिल्या. नंतर लक्षात आलं की ह्यांचे शर्टही त्याच मशिनमध्ये पडतात, आणि ते काही आटत नाहीत.

खाणं वाढलं होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. तीच दोन वेळची पोळी, तेच वरण, तोच भात. काम तेच. फक्त एक गोष्ट झाली होती, माझी पाळी जाऊन दीडेक वर्ष झालं होतं. ती गेली तेव्हा मी देवाला हात जोडले होते. मला वाटलं, चला, एका खात्यातून तरी मोकळी झाले, आता हे शरीर माझ्याकडे काही मागणार नाही. शरीराचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणालं, मागत नाही, पण साठवतो. आणि साठवायला त्याने पोटच निवडलं. हातपाय होते तसेच राहिले, मधे मात्र कोणीतरी उशी बांधून दिल्यासारखं झालं.

त्यात उष्णतेचे झटके. डिसेंबर महिना, शहराबाहेर आमच्या मिसरोदला मोकळ्या शेतांवरून असा वारा येतो की माणूस दोन स्वेटर घालतं, आणि मी फ्रिजचं दार उघडून आत तोंड घालून उभी. सासूबाईंनी मला तशी पकडली.

"काहून गं, काय शोधते?"

"काही नाही, आई."

"काही नाही, ते फ्रिजमध्ये काहून ठेवलं?"

मी दार लावलं. दुसऱ्या दिवशी श्रीखंडाचा डबा वरच्या कप्प्यातून पार मागच्या कोपऱ्यात, कोथिंबिरीच्या पिशवीमागे गेलेला होता.

सासूबाई ऐंशीच्या आहेत आणि अगरबत्तीच्या काडीसारख्या बारीक. सासरे नागपूरहून सरकारी नोकरीत इथे आले, तेव्हा त्या नवी नवरी होत्या. सगळी उमर तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये गेली. सासरे रिटायर झाल्यावर मिसरोदला हे घर बांधलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण त्यांचं बोलणं अजून "आपल्या क्वार्टरमध्ये असं नव्हतं" इथूनच सुरू होतं. मी आर्वीकडच्या खेड्यातली. आठवीत शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इथे आले. इथलं मला काहीच येत नव्हतं, ना हिंदी, ना गॅस पेटवणं. ते सगळं सासूबाईंनी शिकवलं, आणि हे मी आजही विसरत नाही. तशी मी उपकार फार लवकर मानते. कोणी बसायला खुर्ची दिली तरी मला वाटतं, आता हिच्यासाठी काय करू.

आणि जितके उपकार मानते तितकीच घाबरते. माझ्या आईला शुगर होती. गावातल्या डॉक्टरने तिला गोळ्या दिल्या, आणि पाच-सहा वर्षांनी तिची नजर गेली. शेवटी शेवटी मी माहेरी गेले की ती मला आवाजावरून ओळखायची. माझा हात हातात घेऊन बांगड्या चाचपायची. माझ्या मनात तेव्हापासून पक्कं बसलेलं, गोळी लागली की डोळे गेले. म्हणून शुगर तपासायची वेळ आली की मी काहीतरी कारण काढून टाळत आले होते.

पण शेजारच्या भाभीपुढे माझं कारण टिकलं नाही. ती सागर जिल्ह्यातली, हिंदी बोलणारी. आम्ही दोघी एकमेकींना भाभीच म्हणतो, तिशीत ओळख झाली तेव्हापासून. तिच्या नवऱ्याला शुगर असल्याने ती स्वतःला अर्धी डॉक्टरच समजते. मी तिच्यासमोर थंडीत पदराने वारा घेतला, तेवढं तिला पुरलं. "भाभी, कल सुबह बिना कुछ खाए तैयार रहना," म्हणाली, आणि मला सरळ एका डॉक्टरणीकडे घेऊन गेली.

तिथल्या नर्सने मला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा बघून मी काट्यावरून उतरले आणि सवयीने तिला थँक्यू म्हणाले.

"किस बात का?" ती म्हणाली.

रक्ताचा रिपोर्ट घेऊन आम्ही परत गेलो, तेव्हा डॉक्टरणीने तो वाचला, चष्मा काढला आणि समजावून सांगायला लागली. मी मान डोलावत होते. मला जे समजत नाही त्याला मी जास्त मान डोलावते. तिच्या ते लक्षात आलं असावं.

"समझ में आया?"

"जी."

"क्या समझ में आया?"

आठवीनंतर मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी घाबरून जे मनात होतं तेच सांगितलं. "यही, कि मेरी गलती है."

तिने पेन खाली ठेवलं. "नहीं. आपकी गलती नहीं है." मग तिने सावकाश, माझ्या चालीने सांगितलं. बाईच्या अंगात इस्ट्रोजेन म्हणून एक असतं, ते पाळीसोबत कमी होत जातं. ते होतं तोवर चरबी मांड्या-कमरेला वाटून जायची, आता ती पोटावर बसते. खाल्लेली साखर रक्तातून अंगात ओढून घ्यायचं काम इन्सुलिनचं. इस्ट्रोजेन होतं तोवर अंग त्याचं ऐकायचं, आता तितकं ऐकत नाही. वयाने स्नायू कमी होतात, साखर खर्च करणारे तेच असतात. झोप मोडते, त्यानेही बिघडतं. म्हणून तेवढंच खाऊन वजन वाढतं आणि शुगरही. माझा तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा सहाच्या वर आला होता. साडेसहाला पोचला की शुगरची बीमारी म्हणायची आणि गोळी सुरू करायची. "अभी आप बॉर्डर पर हैं. तीन महीने देते हैं. चावल-आलू कम, दाल-दही-सब्ज़ी ज़्यादा, रोज़ पैदल, और थोड़ा वजन उठाइए."

"वजनच तर उठाके घूम रही हूं," मी म्हणाले. ती हसली. मला फार बरं वाटलं, आणि त्या आनंदात मी पुढचं बोलून गेले, "वैसे हमारे घर में उपवास बहुत रहते हैं."

"अच्छा है. व्रत में हल्का ही लेती होंगी?"

"एकदम हल्का," मी म्हणाले. आणि मी खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे उपवासाच्या खाण्याला कोणी जेवण म्हणत नाही.

घरी आल्यावर ह्यांनी मला सगळं परत समजावलं, कारखान्याच्या भाषेत. "असं बघ, साखर म्हणजे माल भरलेले ट्रक. इन्सुलिन म्हणजे गेटवरचा वॉचमन, तो आतल्या लोकांना हाक मारतो, गेट उघडा. आणि इस्ट्रोजेन म्हणजे जुना सुपरवायझर. तो होता तोवर वॉचमनच्या एका हाकेत पोरं धावत यायची. आता सुपरवायझर रिटायर झाला. वॉचमन ओरडतो, पोरं बिडी ओढत बसतात, आणि ट्रक रोडवर उभे."

"रोड म्हणजे?"

"तुझं रक्त."

"मग नवीन सुपरवायझर नाही का येत?"

"आमच्याकडे तरी पोस्ट खालीच ठेवतात," हे म्हणाले.

मला सगळं समजलं, आणि समजल्यामुळेच जास्त भीती वाटली. डोळ्यांसमोर आई दिसायला लागली, माझ्या बांगड्या चाचपणारी. संध्याकाळी मी आंघोळ करून देवापुढे बसले. सासूबाई जपाची माळ घेऊन बाजूला होत्या. मी ताम्हनात पळीभर पाणी सोडलं आणि मोठ्याने म्हणाले, शुगरचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत सोमवार, गुरुवार, शनिवार उपवास करीन, पण मला गोळी लागू देऊ नको.

सासूबाईंनी माळ थांबवली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं नव्हतं. "आणि चतुर्थी, एकादशी धर," त्या म्हणाल्या. "बोललीच आहेस तर नीट बोल."

मी आणखी एक पळी पाणी सोडलं.

आमच्या घरच्या उपवासाबद्दल थोडं सांगते. उपवासाला काय चालतं आणि काय चालत नाही याची सगळी घटना सासूबाईंच्या डोक्यात आहे, आणि त्यात दुरुस्ती होत नाही. साबुदाणा चालतो, भगर चालते, बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, खजूर, काकडी, दही चालतं. टोमॅटो चालत नाही. कोथिंबीर चालत नाही. हळद चालत नाही. असं का, ते विचारायचं नाही. उत्तर एकच असतं, "आमच्याकडे चालत नाही." हे "आमच्याकडे" म्हणजे नागपूरचं एक घर, ज्यात आता कोणी राहत नाही, आणि ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यातलंही कोणी राहिलेलं नाही. पण मला ते आवडायचं. माझ्या माहेरीही असंच होतं. इथे इतक्या वर्षांत बोलणं बदललं, भाजीत आमच्यापेक्षा वेगळे मसाले आले, पण सोमवारी सकाळी जिरं तडतडलं, हिरवी मिरची पडली, की स्वयंपाकघर भोपाळात राहत नव्हतं.

तर नवस सुरू झाला. सोमवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी, वर दही. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, सोबत बटाट्याची भाजी. चारला भूक लागली तर राजगिऱ्याचा लाडू, तो तर औषधच. संध्याकाळी रताळ्याचा कीस. रात्री फक्त दूध आणि दोन खजूर, कारण उपवास आहे. गुरुवारी फरक म्हणून साबुदाणे वडे. शनिवारी थालीपीठ, तेही साबुदाण्याचंच. नवस न बोलताच हे उपवासात सामील झाले. सोमवारी डबा न्यायचे तो कारखान्यातल्या चौघांना पुरायचा. इतकी उपाशी मी आयुष्यात कधी नव्हते, आणि इतकं खाल्लंही कधी नव्हतं.

बाकी सगळं मी डॉक्टरणीने सांगितलं तसंच करत होते. संध्याकाळी भाभीसोबत कॉलनीला फेऱ्या मारत होते. पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली करत होते, त्यावर सासूबाई म्हणायच्या, "प्यायची तर पी, खेळते काय?" चहातली साखर बंद केली होती. उपवास नसेल त्या दिवशी भात चमचाभर, वरण वाटीभर. मला माझा अभिमान वाटायला लागला होता. फक्त पेटीकोटची नाडी बांधताना दोन टोकं एकमेकांपासून अजून लांब जात होती. मी म्हणायचे, देव परीक्षा बघतो आहे.

दोन महिने झाल्यावर एका सोमवारी दुपारी भाभी तिच्या नवऱ्याचं शुगर तपासायचं मशिन घेऊन आली. "लाओ उंगली."

मी निवांत बोट पुढे केलं. सकाळपासून उपाशी होते, मला कशाची भीती. तिने टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, मशिनकडे बघितलं, मशिन हलवलं, परत बघितलं.

"भाभी, क्या खाया था?"

"कुछ नहीं. आज व्रत है."

"कुछ नहीं में क्या-क्या था?"

मी सांगितलं. खिचडी, दही, दाण्याची आमटी, भगर, बटाटा, आणि एकच लाडू. आकडा दोनशेच्या वर होता.

भाभी माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हारा व्रत है कि शादी है?"

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी दोन पोळ्या, वरण आणि पालेभाजी खाल्ली. त्याच वेळेला भाभीने परत टोचलं. आकडा कितीतरी खाली. बुधवारी तसाच खाली. गुरुवारी वडे केले, आणि तो परत चढला. भाभी म्हणाली, तिच्या नवऱ्याच्या डॉक्टरने साबुदाण्याला हातच लावू दिलेला नाही. तो निव्वळ पीठच, पोटात गेला की लगेच साखर. बटाटा, रताळं, भगर, सगळे त्याचेच भाऊबंद. म्हणजे मी आठवड्याचे तीन दिवस देवाला साक्षी ठेवून ट्रक मागवत होते.

मग मला खरी अडचण कळली, आणि मी मोरीच्या काठावर बसूनच राहिले. नवस होता, रिपोर्ट चांगला येईपर्यंत उपवास. उपवास चालू होता तोवर रिपोर्ट चांगला येणार नव्हता. आणि रिपोर्ट चांगला येत नाही तोवर उपवास सोडता येणार नव्हता.

ह्यांना सांगितलं तर त्यांना ते फारच आवडलं. "आमच्याकडे एकदा एका मशिनला असंच वायरिंग केलं होतं. दार उघडल्याशिवाय मोटर बंद होत नाही, आणि मोटर बंद झाल्याशिवाय दार उघडत नाही."

"मग काय केलं?"

"मेन स्विच पाडला."

"म्हणजे मी मरू?"

हे उठून चपला घालायला लागले. दारातून म्हणाले, "सोमवारचा डबा राहू दे बरं का."

भाभीचं म्हणणं, उपवास करा, खाणं बदला. त्यांच्याकडे व्रताला दुधी चालतो, टोमॅटो चालतो, कोथिंबीर चालते, पनीर तर चालतंच. ती हे सासूबाईंना सांगायला आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसली. मी दारामागे चहा गाळत उभी.

"अम्माजी, लौकी बना लो, पनीर खिला दो इनको."

"हमारे यहां नहीं चलता," सासूबाई म्हणाल्या.

"दूध चलता है?"

"चलता है."

"दही?"

"चलता है."

"तो पनीर का क्या कसूर?"

सासूबाईंनी विचार केला. "वो फटा हुआ दूध है. देव के दिन फटा दूध कोई खाता है?"

"अम्माजी, दही भी तो बिगड़ा हुआ दूध ही है."

"दही बिगड़ा नहीं है, लगा है," सासूबाई म्हणाल्या. भाभीने हात टेकले.

"और टमाटर ने क्या किया?"

"टमाटर हमारे वहां था ही नहीं."

"साबुदाना आपके खेत में होता था?"

मी चहा घेऊन बाहेर आले, कारण यापुढे आत राहणं बरोबर नव्हतं. सासूबाईंनी कप घेतला, बशीत ओतला आणि भाभीकडे पाठ करून प्यायल्या. भाभी गेल्यावर माळ घेऊन बसल्या. मला वाटलं, झालं. तीस वर्षांत मी यांना कधी उलटून बोलले नाही, आणि आता शेजारीण आणून बोलायला लावलं.

दिवेलागणीला त्यांनी मला बाजूला बसवलं.

"तुला ते गरम व्हायचं अजून होतं?"

"होतं, आई. कधी कधी."

"मला क्वार्टरमध्ये असताना व्हायचं. मी गच्चीत जाऊन तांब्याने डोक्यावर पाणी ओतायची. मला वाटे, अंगात आलं काहीतरी."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कोणाला सांगणार? तुझे सासरे घरी फायली आणायचे." जणू त्यात सगळं आलं. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला दिसेनासं झालं, तेव्हा ती केवढी होती?"

"माझ्याएवढीच. जरा मोठी."

त्या बराच वेळ माळ बोटांतून फिरवत राहिल्या, पण जप करत नव्हत्या, ओठ हलत नव्हते. मग म्हणाल्या, "पाणी सोडलंस तेव्हा मी बाजूला होते. तू उपवास बोललीस. साबुदाणा बोलली नाहीस. मी ऐकलं आहे."

"पण आई, आपल्याकडे…"

"आपल्याकडे मी आहे ना," त्या म्हणाल्या. "काकडी चालते, दही चालतं, दाणे चालतात मूठभर. दुधी चालतो. भोपळा आपल्याकडे पहिल्यापासूनच चालतो, तो त्याचाच भाऊ. पनीर..." त्या थांबल्या. इथे त्यांना खरंच त्रास होत होता. "पनीर घरी केलं तर चालेल. बाजारचं फाटतं, आपलं आपण फाडलं."

दुसऱ्या दिवशी साबुदाण्याचा मोठा डबा जागेवर नव्हता. टाकून देणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, म्हणून त्यांनी सगळा साबुदाणा शिजवून त्याची खळ केली आणि घरातल्या सगळ्या सुती कपड्यांना घातली. माझ्या साड्या, त्यांच्या साड्या, चादरी, ह्यांचे कामाचे शर्ट. तो महिनाभर आमच्या घरात सगळं ताठ होतं. हे कारखान्यात गेले तर लोक विचारायचे, मंत्री येणार आहे का. रात्री कूस बदलली की चादर पापडासारखी वाजायची. सोमवारचा डबा काकडीचा झाला, तेव्हा ह्यांनी उपवास सोडला.

माझे आकडे खाली यायला लागले. भाभी दर दोन दिवसांनी टोचायची आणि "शाबाश" म्हणायची. पेटीकोटच्या नाडीची टोकंही जरा जवळ आली. तीन महिने झाले तेव्हा मी जवळपास निवांत होते. डॉक्टरणीकडे जाताना तिच्यासाठी घरच्या शेवग्याच्या शेंगांची जुडी घेतली, इतकं तिचं माझ्यावर ऋण होतं.

तिने रिपोर्ट वाचला. "साढ़े छह."

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. "कम हुआ ना?"

"बढ़ा है, थोड़ा."

भाभी मधे पडली, मशिनमधले सगळे आकडे सांगायला लागली. मग मला खिचडीची गोष्ट सांगावी लागली, नवसासकट. डॉक्टरणीने पूर्ण ऐकून घेतली, फक्त वड्यांपाशी तिने एकदा तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, हा रिपोर्ट गेल्या तीनही महिन्यांचा हिशेब असतो, पहिले दोन महिने त्यात बसलेलेच राहणार. शेवटचा महिना चांगला आहे, असंच चालू ठेवा. पण इस्ट्रोजेन काही परत यायचं नाही, आणि घरात आईचा इतिहास आहे, त्यामुळे छोटी गोळी आजपासूनच घ्या, पुढे बघू.

मी रडायला लागले. मला रडायचं नव्हतं, शेंगा मांडीवर होत्या. मी तिला आईचं सांगितलं. गोळ्या लागल्या आणि डोळे गेले.

"आपकी माताजी दवा रोज़ लेती थीं?"

"जी. उपवास छोड़के. उपवास को गोली नहीं चलती थी."

"और उपवास कितने होते थे?"

मी बोटं मोजायला लागले आणि मधेच थांबले. सोमवार, गुरुवार, शनिवार. चतुर्थी, एकादशी, प्रदोष. श्रावण पूर्ण. नवरात्र पूर्ण. माझी आई फार धार्मिक होती.

डॉक्टरणीने माझी थांबलेली बोटं बघितली. तिने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "दवा ने आँखें नहीं लीं." येताना रिक्षात भाभीने माझा हात धरून ठेवला. एरवी ती सगळा रस्ता बोलते.

त्या दिवशी गुरुवार होता. घरी पोचले तेव्हा सासूबाई आणि हे दोघेही पुढच्या खोलीत वाट बघत होते. मी सगळं सांगितलं, आईचंही सांगितलं, आणि गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. कोणी हात लावला नाही. नवस फळला नव्हता. उपवास चालूच राहणार होते, आणि गोळी रोज घ्यायची होती.

सासूबाईंनी चष्मा लावला, पट्टी उचलली, खिडकीजवळ नेली, उलटसुलट करून बघितली.

"यात धान्य आहे?"

"नाही, आई."

"मीठ?"

"नाही."

"कांदा, लसूण?"

"आई, गोळी आहे ती, भजी नाही," हे म्हणाले.

"तू गप रे. मला बघू दे." त्यांनी नखाने एक गोळी सोडवली, तळहातावर घेतली आणि नाकाशी नेली. "चालते," त्या म्हणाल्या. "रोज चालते. एकादशीला सुद्धा चालते. कोणी विचारलं तर माझं नाव सांग." मग माझ्याकडे वळून, "खाऊन घ्यायची आहे ना ही?"

"हो. जेवणानंतर."

"मग उभी काय आहेस? दुधीची भाजी गार होते."

मी ताटावर बसले. त्यांनी वाढलं, समोर बसून राहिल्या, आणि मी भाजी, दही, काकडी संपवेपर्यंत गोळी त्यांच्याच मुठीत होती. मग त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली, तांब्यातून पाणी दिलं. मी गिळली. सगळे माझ्याकडे बघत होते.

"काय वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, आई."

"दिसतंय ना नीट?"

मी त्यांच्याकडे बघितलं. "दिसतंय," मी म्हणाले.

"मग ते ताट उचल," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच उचलून घेऊन गेल्या.